इलेक्ट्रिक गिटारचे नॉब आणि स्विच आपल्या हाताप्रमाणे कसे लावून घ्यायचे

गिटार घेताना लोक लाकूड बघतात, पिकअप (तारांखालचे, त्यांचं कंपन पकडून सिग्नल बनवणारे भाग) कुठले ते विचारतात, ॲक्शन (तारांची उंची) बघतात, पण नॉब कुठे आहेत आणि आपला हात तिथे कसा पोचतो हे फारसं कोणी बघत नाही. मग घरी आणल्यावर सुरू होतं, गाण्याच्या मधेच व्हॉल्यूम कमी झालेला असतो, स्ट्रमिंग करताना सिलेक्टर (कुठली पिकअप वाजेल ते ठरवणारा स्विच) सरकतो, आणि तीनपैकी दोन नॉब तर कधी फिरवलेच जात नाहीत. त्यावर बहुतेक जण पिकअप बदलायला निघतात किंवा थेट दुसरी गिटार बघायला लागतात. माझं यावर ठाम मत आहे की आधी कंट्रोल आपल्या हाताला जुळवून घ्या, पैसे नंतर खर्च करा. निम्म्या लोकांना पिकअप बदलायची गरजच उरत नाही हे मी ठाण्यात आणि नवी मुंबईत ओळखीच्या बऱ्याच वाजवणाऱ्यांच्या बाबतीत बघितलंय.

आपल्याकडे तर हे जास्तच महत्त्वाचं आहे, कारण एकच माणूस एकाच गिटारवर सगळं वाजवतो. गणपतीत ऑर्केस्ट्रा, नवरात्रात गरब्याची नॉनस्टॉप मेडली, मधे एखादा गडकरी रंगायतनला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम, आणि घरी आल्यावर फ्लॅटमधे हेडफोन लावून रियाज. या प्रत्येक ठिकाणी हात वेगळं काहीतरी मागतो. खालचं सगळं त्या क्रमानेच लिहितोय ज्या क्रमाने करावं असं मला वाटतं, म्हणजे फुकटचं आधी, सोल्डरिंग शेवटी.

पहिलं काम : स्वतःचा हात बघा

फोन समोर ठेवा, उजवा हात आणि गिटारची बॉडी नीट दिसेल असा. उभं राहून, पट्टा नेहमी असतो तेवढ्याच उंचीवर ठेवून वाजवा, कारण बसून वाजवताना हात वेगळ्या ठिकाणी येतो आणि बसून काढलेले सगळे निष्कर्ष स्टेजवर चुकतात. वेगवेगळ्या प्रकारची दोन-तीन गाणी घ्या, एक स्ट्रमिंगचं, एक लीडचं, एक हळू. मग तो व्हिडिओ आवाज बंद करून बघा. आवाज चालू असला की आपण वाजवण्यातल्या चुका ऐकत बसतो, हात बघतच नाही.

बघायचं काय, तर मनगट कुठे टेकतंय, करंगळी मोकळी आहे का बॉडीवर टेकवलेली आहे, हात जाता-येता कशाला आपटतोय, आणि नॉब फिरवायला वाजवणं थांबवावं लागतंय का. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. काही जण गाण्याच्या मधे दहा वेळा व्हॉल्यूम फिरवतात, काही जण कार्यक्रम सुरू होताना तो पूर्ण, म्हणजे दहावर ठेवतात आणि संपल्यावरच हात लावतात, आणि दोन्ही बरोबर आहे पण दोघांना एकच मांडणी कशी चालेल.

कोपरखैरण्याचा एक मुलगा गरब्याच्या बँडमधे स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) टाइपची गिटार वाजवतो, त्याची तक्रार होती की नेक पिकअपवर (गिटारच्या मानेकडच्या) ठेवलेला आवाज आपोआप पातळ होतो. व्हिडिओ हळू करून बघितल्यावर दिसलं की जोरात डाउनस्ट्रोक मारताना त्याच्या शेवटच्या दोन बोटांची पेरं सिलेक्टरच्या टोकाला लागतायत आणि लिव्हर एक खाच खाली सरकतोय, म्हणजे नेकवरून नेक आणि मधल्याच्या मिश्रणावर. तो मधली पिकअप खराब आहे असं धरून चालला होता. त्याला फक्त हात दोन बोटं पुढे, नेकच्या बाजूला घ्यायला सांगितला आणि सिलेक्टरचं प्लास्टिकचं टोक काढून टाकलं, बास, काम झालं.

दुसरं काम : आपल्या गिटारची मांडणी कुठून आलीय ते समजून घ्या

आज बाजारात जे काही मिळतं ते बहुतेक तीन-चार जुन्या डिझाइनवरूनच आलंय. टेलिकास्टरची सुरुवात १९५० च्या आसपासची, दोन पिकअप, एका लोखंडी पट्टीवर पुढे सिलेक्टर, मग व्हॉल्यूम, मग टोन. साधं आणि मजबूत. अडचण एकच, सिलेक्टर आणि व्हॉल्यूम इतके जवळ आहेत की जाड बोटांच्या माणसाला स्विच मागे ओढताना नॉब लागतो.

स्ट्रॅटोकास्टर आली १९५४ साली. तीन पिकअप, एक व्हॉल्यूम, दोन टोन, आणि सिलेक्टर मुळात तीनच पोझिशनचा होता. वाजवणारे तो स्विच दोन खाचांच्या मधे अडकवून ठेवायचे कारण दोन पिकअप एकत्र वाजल्यावर जो पोकळसा, टिचकीसारखा आवाज येतो तो त्यांना हवा होता, आणि शेवटी १९७७ मधे फेंडर कंपनीनेच पाच पोझिशनचा स्विच बसवायला सुरुवात केली. मला ही गोष्ट फार आवडते कारण यात वाजवणाऱ्यांच्या हाताने गिटारचं डिझाइन बदललंय. स्ट्रॅटमधे अजून एक लक्षात ठेवायचं, मूळ वायरिंगमधे ब्रिज पिकअपला (तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथल्या) टोन नसतोच, एक टोन नेकचा, एक मधल्याचा. ब्रिजवर आवाज कानाला टोचतो अशी ज्यांची तक्रार असते त्यातल्या अनेकांना हे माहीतच नसतं आणि ते टोन फिरवत बसतात.

गिब्सनची लेस पॉल १९५२ ची, हंबकर (दोन कॉइलच्या, गुणगुण मारणाऱ्या) पिकअप तिच्यात १९५७ पासून. दोन व्हॉल्यूम, दोन टोन, आणि तीन पोझिशनचा टॉगल, म्हणजे पिकअपचा स्विच, वरच्या खांद्यावर. तारांना सगळ्यात जवळ असतो तो नेकचा व्हॉल्यूम, ब्रिजचा त्याच्या खाली. ब्रिजवर लीड वाजवणाऱ्याला नेमका उलटा क्रम हवा असतो, त्यामुळे बरेच जण हे दोन व्हॉल्यूम आपसात बदलून घेतात. टॉगल वर असल्यामुळे स्ट्रमिंगमधे कधीच लागत नाही, पण चालू गाण्यात बदलायचा तर हात पूर्ण वर न्यावा लागतो. गिब्सनच्याच एसजीमधे तोच टॉगल खाली, नॉबच्या शेजारी आहे. आणि मग हल्लीच्या सुपरस्ट्रॅट (स्ट्रॅटवरूनच काढलेल्या), त्यात बहुतेक वेळा एक व्हॉल्यूम, एक टोन, पाच पोझिशनचा स्विच. यामाहा पॅसिफिका ११२व्ही सारख्या गिटारमधे टोनचा नॉब वर ओढला की हंबकर सिंगल कॉइल होतो, हे ती वापरणाऱ्यांनाही कधी कधी माहीत नसतं, तेव्हा आपला नॉब एकदा ओढून बघा.

नावाजलेल्या गिटारिस्टनी काय केलं तेही बघण्यासारखं आहे. जेफ बेक स्ट्रॅटचा व्हॉल्यूम करंगळीने सतत फिरवत वाजवायचा, त्याला तो नॉब तारांच्या अगदी जवळच हवा होता. एडी व्हॅन हेलनच्या स्वतः जोडलेल्या गिटारवर एकच नॉब होता, व्हॉल्यूमचा, आणि त्यावर टोन असं लिहिलेलं होतं. इंग्वी माल्मस्टीन मधली पिकअप इतकी खाली स्क्रू करून ठेवतो की पिक तिला लागूच नये. ब्रायन मेने वडिलांच्या मदतीने १९६३ पासून जी गिटार घरी बनवली तिच्यात प्रत्येक पिकअपला चालू-बंदचा एक आणि फेजचा (सिग्नल उलटा करणारा) एक असे छोटे सरकते स्विच आहेत. डावखुरा हेंड्रिक्स तर उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा, म्हणजे सगळे नॉब वरच्या बाजूला, हाताखाली. यातली कुठलीही मांडणी दुसऱ्याच्या गिटारवर जशीच्या तशी बसवली तर दुसऱ्याला त्रासच होईल.

तिसरं काम : सोल्डरिंग न करता जे होतं ते करून टाका

व्हॉल्यूमचा नॉब धक्क्याने फिरत असेल तर आधी त्याची उंची बघा. बऱ्याच स्वस्त गिटारमधे पॉट (नॉब ज्याच्या दांडीवर बसतो तो आतला भाग) जरुरीपेक्षा वर आलेला असतो, आतल्या बाजूचा नट थोडा वर घेतला की पॉट खाली बसतो आणि नॉब दोन-तीन मिलिमीटर खाली जातो, तेवढं पुरतं. तरी फिरत असेल तर नॉबखाली पातळ रबरी ओ-रिंग टाका, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात नळाच्या सामानात मिळते, नॉब तिच्यावर हलका दाबून बसवला की फिरायला जड होतो आणि नुसत्या स्पर्शाने जागा सोडत नाही. ज्यांना उलट हवंय, करंगळीने अलगद फिरला पाहिजे, त्यांनी नॉबखाली काही घासतंय का ते बघावं, कित्येकदा नॉब पूर्ण खाली दाबून पिकगार्डला (बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पट्टीला) टेकलेला असतो आणि लोक पॉट जड आहे म्हणतात.

नॉबचा प्रकारसुद्धा क्षुल्लक नाही. घामाने गुळगुळीत प्लास्टिकचा नॉब निसटतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात किंवा मांडवात लाइटखाली घाम येणारच. नौपाड्यातले एक काका जुनी हिंदी-मराठी गाणी लीडवर फार सुंदर वाजवतात, आता बोटं थोडी आखडतात त्यांची. त्यांना विचारलं, "काका, टोन कधी फिरवता का हो?" तर म्हणाले, "नाही रे, तो पकडीतच येत नाही माझ्या." त्यांच्या गिटारला खाचा असलेले धातूचे घुमटी नॉब बसवले, आणि आता ते अंतऱ्याला टोन कमी करून मुखड्याला परत वाढवतात. नॉब घेताना एवढंच बघा की पॉटची दांडी चिरलेली दातेरी आहे का सलग गोल. सलग दांडीला बाजूने स्क्रू असलेलाच नॉब लागतो. आणि दातेरीमधेही मेट्रिक आणि इंचाचा फरक असतो, एकाचा नॉब दुसऱ्यावर जबरदस्तीने ठोकला तर दांडी वाकते किंवा नॉब तडकतो.

टेलिकास्टरवाल्यांसाठी एक जुनी युक्ती आहे, दोन स्क्रू काढायचे आणि कंट्रोलची पट्टी उलटी फिरवून परत बसवायची, म्हणजे सिलेक्टर मागे जातो आणि हाताला जागा होते. पण नुसती फिरवली तर पुढे टोन येतो आणि व्हॉल्यूम मधेच राहतो. व्हॉल्यूम पुढे हवा असेल तर दोन पॉट एकमेकांच्या जागी न्यावे लागतात, वायरी सहसा पुरतात, नट सोडले की झालं. आणि सिलेक्टरची दिशाही उलटी होते, नेकच्या जागी ब्रिज, तर पट्टीवरचा स्विच त्याचे दोन स्क्रू काढून परत उलटा बसवायचा. हे ज्याने एकदा करून घेतलं तो परत जुन्या मांडणीवर गेल्याचं मी तरी बघितलं नाही.

लेस पॉल टाइप गिटारमधे काहीही न उघडता एक फार उपयोगाची गोष्ट करता येते. ब्रिजचा व्हॉल्यूम दहावर, नेकचा सहा-सातवर, टोनही आपापल्या जागी ठेवा. आता टॉगल हाच तुमचा लीड आणि ऱ्हिदमचा स्विच झाला, गाण्यात नेकवर साथ, लीडचा पीस आला की टॉगल खाली, आवाज वाढूनच येतो. बूस्ट पेडल नसलं तरी चालतं. चार नॉब कशाला हवेत असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आधी करून बघावं आणि मग बोलावं.

चौथं काम : आत काय चालतं ते थोडं समजून घ्या

हे वाचायचा कंटाळा करू नका, कारण यापुढचा प्रत्येक निर्णय यावर आहे.

व्हॉल्यूमच्या पॉटला तीन पाय असतात. एका टोकाला पिकअपचा सिग्नल येतो, दुसरं टोक ग्राउंडला, आणि मधल्या पायावरून सिग्नल बाहेर जातो. नॉब फिरवला की मधला पाय या दोन टोकांच्या मधे सरकतो. टोनमधे पॉट आणि कपॅसिटर मिळून वरच्या फ्रीक्वेन्सी ग्राउंडला सोडून देतात. सिंगल कॉइल पिकअपला सहसा २५० के (किलोओहम) चे पॉट आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, हंबकरला ५०० के आणि ०.०२२, हा सर्वसाधारण नियम. पॉटचा हा आकडा जितका मोठा तितका आवाज चमकदार, कारण पिकअपवर भार कमी पडतो. म्हणून आवाज फार टोचतो म्हणून पिकअप बदलायला निघालेल्या माणसाने आधी आत सिंगल कॉइलला ५०० के चा पॉट तर लावलेला नाही ना ते बघावं. ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) पिकअपचं गणितच वेगळं, त्यांना २५ के चे लागतात.

पॉटवर ए किंवा बी लिहिलेलं असतं. ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर. लिनिअर पॉट अर्ध्यावर आणला तर सिग्नल निम्मा होतो, म्हणजे फक्त ६ डेसिबल कमी, कानाला फारसा फरक वाटत नाही, आणि मग शेवटच्या दोन-तीन आकड्यांमधे धपकन सगळा आवाज जातो. लॉग पॉट अर्ध्यावर साधारण दहा-पंधरा टक्क्यांवर येतो, त्यामुळे कानाला सारखा उतार वाटतो. स्वच्छ आवाजात वाजवणाऱ्यांना लॉग बरा. व्हायोलिनसारखा आवाज शून्यातून फुलवत आणायचा असेल, भावगीतांच्या मधल्या पीसमधे हे फार छान लागतं, तर काही जणांना लिनिअर आवडतो कारण करंगळीच्या थोड्याशा हालचालीत आवाज पूर्ण वर येतो. मी स्वतः लॉगच्या बाजूचा आहे पण हे करंगळीवर आहे, ऐकून ठरवा.

आता सगळ्यांची ती तक्रार, व्हॉल्यूम कमी केला की आवाज मळका होतो. याचं कारण केबल. साध्या गिटार केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो, म्हणजे पाच मीटरच्या केबलला ५०० धरा. व्हॉल्यूम दहावर असताना याचा त्रास कमी, पण पॉट खाली आणला की त्याचा रेझिस्टन्स सिग्नलच्या वाटेत येतो आणि तो रेझिस्टन्स आणि केबल मिळून फिल्टर तयार होतो. ५०० के चा पॉट वाईटात वाईट जागी असेल तर साधारण अडीच हजार हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जायला लागतं, म्हणजे पिकचा टणत्कार, आवाजाची धार, तीच जाते. म्हणून पहिला उपाय म्हणजे केबल लहान करा, घरात रियाजाला तीन मीटर भरपूर झाली. दुसरा उपाय पुढे आहे.

पाचवं काम : सोल्डरिंग

सामान म्हणाल तर ४० वॅटच्या आसपासचं सोल्डरिंग आयर्न (२५ वॅटचं पॉटच्या पाठीवर नीट तापत नाही), ६०-४० ची रोझिनवाली सोल्डर वायर, जुनं सोल्डर काढायला विक (सोल्डर शोषून घेणारी तांब्याची वेणी), मल्टिमीटर, आणि गिटारवर घालायला जाड कापड, कारण सोल्डरचा एक थेंब पॉलिशवर पडला की डाग कायमचा. पॉट आणि स्विच घ्यायला मुंबईत इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला जायचं असेल तर ठाण्याहून दादरला उतरून वेस्टर्नने ग्रँट रोड. जाताना जुना पॉट काढून सोबत न्या, हे खरंच ऐका. छोट्या मेट्रिक पॉटचं भोक ७-८ मिलिमीटरचं असतं आणि मोठ्या इंचाच्या पॉटला साडेनऊ मिलिमीटर लागतं, आणि दुकानात उभं राहून हे आठवत नाही. पिकगार्डचं भोक मोठं करणं सोपं आहे पण लाकडातून पॉट येत असेल तर ड्रिल सरळ फिरवू नका, टेपर रीमर (भोक हळूहळू मोठं करणारं निमुळतं हत्यार) वापरा, नाहीतर पॉलिश उडतं.

उघडल्या उघडल्या फोटो काढा, प्रत्येक बाजूने. मग खालीलपैकी आपल्याला लागेल तेवढंच करा.

स्ट्रॅटवाल्यांनी पहिल्यांदा ब्रिजला टोन द्यावा. सिलेक्टरवर टोनकडे जाणारे पाय असतात, त्यात ब्रिजच्या पोझिशनचा पाय रिकामा असतो, तिथून मधल्या पिकअपच्या टोनच्या पायाला एक छोटीशी वायर टाकायची, संपलं. आता मागचा टोन ब्रिजलाही चालतो. माझ्या मते हा सगळ्यात स्वस्तातला सगळ्यात मोठा फरक आहे.

ज्यांच्या हाताला पुढचा व्हॉल्यूम सारखा लागतो त्यांनी थोडं पुढे जाऊन व्हॉल्यूम मधल्या भोकात घ्यावा, मागे एकच मास्टर टोन ठेवावा आणि पुढचं भोक प्लगने बंद करावं. दिसायला विचित्र वाटेल असं लोक घाबरतात, पण गरब्याला तीन तास वाजवणाऱ्याने दिसण्यापेक्षा हाताचं बघावं. करंगळीने व्हॉल्यूम फुलवणाऱ्याने मात्र यातलं काहीही करू नये, त्याचा नॉब जिथे आहे तिथेच बरोबर आहे.

लेस पॉल टाइपमधे टॉगल मधे असताना एक व्हॉल्यूम शून्य केला की दोन्ही पिकअप बंद होतात, कारण दोन्ही पॉटचे मधले पाय एकत्र जोडलेले असतात आणि एक ग्राउंड झाला की सगळंच ग्राउंड. याचा फायदाही आहे, गिटारिस्ट टॉम मोरेलो एक व्हॉल्यूम शून्यावर ठेवून टॉगल पटापट हलवत आवाज तुकड्या-तुकड्यांत तोडतो. पण दोन पिकअपचं प्रमाण बारीक ठरवून मिश्रण हवं असेल तर पिकअपची वायर मधल्या पायावर आणि बाहेर जाणारी टोकाच्या पायावर अशी अदलाबदल करतात, मग दोन्ही व्हॉल्यूम स्वतंत्र होतात. बदल्यात व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज जास्त मळका होतो. म्हणून मी हे सहसा सुचवत नाही.

आवाज मळका होऊ नये हेच हवं असेल तर पन्नासच्या दशकातली वायरिंग करून बघा. फरक एवढाच की टोनची वायर व्हॉल्यूमच्या आत येणाऱ्या पायाऐवजी बाहेर जाणाऱ्या मधल्या पायावर लावायची. व्हॉल्यूम सहा-सातवर आणला तरी वरची धार बऱ्यापैकी टिकते, टोन आणि व्हॉल्यूम थोडे एकमेकांवर परिणाम करतात एवढं सवयीचं व्हावं लागतं. नवीन काही विकत घ्यावं लागत नाही.

मळक्या आवाजाचा दुसरा उपाय ट्रेबल ब्लीड. व्हॉल्यूमच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पायांच्या मधे साधारण ६८० ते १००० पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर, सोबत समांतर १५० के चा रेझिस्टर. नुसता कपॅसिटर टाकला तर व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज उलटा पातळ आणि किरकिरा होतो, म्हणून रेझिस्टर. पण त्या रेझिस्टरमुळे पॉटचा उतारही बदलतो, करंगळीवाल्यांनी आधी मगर क्लिपने तात्पुरता लावून वाजवून बघावं. पन्नासची वायरिंग आणि ट्रेबल ब्लीड दोन्ही एकदम करू नका, एक करा.

पुश-पुल पॉट (नॉब ओढून स्विचसारखा वापरायचा) लावून हंबकर स्प्लिट, म्हणजे सिंगल कॉइल करायचा असेल तर आधी पिकअपमधून किती वायरी बाहेर येतात ते बघा, चार आणि एक उघडी असेल तर होतं, एकच शिल्ड केलेली वायर असेल तर पिकअप उघडावी लागते, त्या फंदात पडू नका. आणि पुश-पुलची खोली जास्त असते, पातळ बॉडीत मागचं झाकण लागत नाही, पट्टीने मोजून घ्या.

लावून झाल्यावर तारा चढवायच्या आधी तपासा. केबल जॅकमधे घालून दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर, व्हॉल्यूम दहावर. सिंगल कॉइल साधारण ५ ते ७ के दाखवेल, जुन्या धाटणीचा हंबकर ७ ते ९, जोरकस हंबकर १२ च्या वर. अनंत दाखवलं तर कुठेतरी तुटलंय, शून्य दाखवलं तर शॉर्ट. मग ॲम्प लावून स्क्रू ड्रायव्हरने प्रत्येक पिकअपवर हळूच टकटक करा, सिलेक्टरप्रमाणे योग्य तीच वाजली पाहिजे. तारा चढवल्यावर त्यांना हात लावून हम (गुणगुण) कमी होत असेल तर ठीक, उलट हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकवर वायरी उलट्या लागल्यात. आणि तारांना किंवा माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो गिटारचा नाही, अर्थिंगचा प्रश्न आहे. मांडवातल्या दोन पिनच्या एक्सटेन्शनवर हे होतं, तिथे वाजवायचं ताबडतोब थांबवा आणि साउंडवाल्याला अर्थिंग तपासायला लावा, कार्यक्रम उशिरा सुरू झाला तरी चालेल.

पावसाळ्याचं वेगळं

आपल्याकडे जून ते सप्टेंबर पॉट खरखरायला लागतात. ऐरोली-वाशीकडे खाडीची हवा, ठाण्यात दमट, आत कार्बनच्या पट्टीवर मळ आणि ओल बसते. कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या बाजूच्या फटीतून अगदी थोडा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा, सिलेक्टरही तसाच. गंजावर मारायचं साधं तेलकट स्प्रे आत मारू नका, ते धूळ धरून बसतं. जॅकचा नट सैल झालेला असतोच, पान्ह्याने घट्ट करताना आतला जॅक धरून ठेवा, नाहीतर तो फिरून वायर तुटते. गिगबॅगमधे सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत गिटार पाठीवर घेऊन चढत असाल तर बॅग उलटी करून छातीवर घ्या, नॉब आणि सिलेक्टर वाकतात ते बहुतेक तिथेच.

बदल केल्यावर

लगेच कार्यक्रमाला नेऊ नका. आधी बँडसोबत प्रॅक्टिसला न्या, उभं राहून, पट्टा त्याच उंचीवर, आणि परत पहिल्यासारखा व्हिडिओ काढा. सुरुवातीला हात जुन्याच जागी जाईल, ते स्वाभाविक आहे, पण प्रॅक्टिसमागून प्रॅक्टिस झाल्यावरही करंगळी रिकाम्या भोकाकडेच जात असेल तर समजा तो नॉब तिथेच हवा होता, परत लावा. म्हणूनच काढलेले पॉट, स्विच, स्क्रू सगळं एका झिप पिशवीत घालून वर गिटारचं नाव लिहून ठेवा आणि उघडताना काढलेले फोटो फोनमधून पुसू नका. दोन गिटार असतील तर शक्यतो दोन्हींवर व्हॉल्यूम एकाच अंतरावर आणि सिलेक्टर एकाच दिशेने ठेवा, तार तुटल्यावर अर्ध्या गाण्यात दुसरी गिटार गळ्यात घालावी लागते तेव्हा नॉब बघायला वेळ नसतो.